ऑक्टेविया आरएस टर्बो: सोलापुरात ॲव्हरेज साडेसातवर अडकलंय, सुरुवात कुठून करू?

टेरीटॉवेल_१३ | २ मार्च

नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा ऑक्टेविया आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस, पाच गिअर. २००५ ची, एमएच १३ पासिंग, पंधरा वर्षांनंतरचं रिपासिंग झालेलं. मागचं दार काचेसकट वर उचलतं आणि मागची सीट पाडली की टॉवेलचे चार गठ्ठे आरामात बसतात. वडिलांनी हौसेनं घेतली होती, त्यांच्यामागं मी चालवतो. विकायची नाही, हे आधीच सांगतो.

रोजचं जाणं जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, एका बाजूला आठेक किलोमीटर. सकाळी एक फेरी, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी परत. पंधरा दिवसांतून एकदा सॅम्पल घेऊन पुण्याला. टपावर कॅरिअर कायम लावलेला असतो.

मागच्या टाकीला ३७० किलोमीटर झाले आणि ४८.६ लिटर बसलं, म्हणजे लिटरला ७.६. त्याआधीच्या तीन टाक्याही साडेसात ते आठच्या मधल्या. वडील चालवायचे तेव्हा हीच गाडी दहाच्या वर द्यायची, त्यांची डायरी माझ्याकडे आहे. प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, ऑइल दिवाळीत बदललं. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. टेंपरेचरचा काटा तर एवढ्या उन्हातही खालीच असतो, त्यामुळं इंजिनची तब्येत चांगली असावी. मग पेट्रोल जातंय कुठं?

कडकभाकरी | २ मार्च

टर्बोला दाणापाणी लागणारच की ओ. दीडशे घोडे आहेत. शहरात आठ किलोमीटरच्या फेऱ्या मारायच्या तर सीएनजीची छोटी गाडी बघा आणि ही रविवारी काढा.

टेरीटॉवेल_१३ | २ मार्च

टर्बोमुळंच असतं तर वडिलांच्या वेळीही असंच असतं ना. तीच गाडी, तोच रस्ता, त्यांचा पाय तर माझ्यापेक्षा जड होता. मला हरवलेले अडीच-तीन किलोमीटर शोधायचेत.

भीमाकाठ | ३ मार्च

टेरीटॉवेल, मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, आता पंढरपुरात असतो. तुम्ही शेवटी एक वाक्य लिहिलंय, काटा खालीच असतो म्हणून. मला तेवढंच वाक्य खटकलं. नेमका कुठं असतो? सात रस्त्याला सिग्नलवर कुठं आणि हायवेला ऐंशीच्या वेगात कुठं, दोन्ही बघून सांगा. बाकीचं नंतर.

टेरीटॉवेल_१३ | ४ मार्च

काका, आज मुद्दाम मोहोळपर्यंत जाऊन आलो. सात रस्ता, भैया चौक असं गर्दीतून गेलो तेव्हा काटा हळूहळू ९० ला आला. हायवेला लागल्यावर बाळ्याच्या पुढं खाली सरकायला लागला आणि ७० च्याही खाली जाऊन थांबला. परत गावात शिरलो तसा वर.

भीमाकाठ | ४ मार्च

मग तुमच्या गाडीला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह एकतर उघडा अडकलाय, नाहीतर कुणीतरी काढून टाकलाय. माझी पैज काढून टाकण्यावर. आपल्या भागात ही जुनी खोड आहे. उन्हाळ्यात गाडी गरम झाली की मिस्त्री पहिला तो व्हॉल्व्ह काढतो आणि सांगतो, आता बिनधास्त चालवा. गिऱ्हाईकालाही काटा खाली दिसला की बरं वाटतं.

इंजिन थंड राहणं चांगलं, हा समज डोक्यातून काढा. या इंजिनाचा व्हॉल्व्ह ८७ अंशांच्या आसपास उघडतो. तोवर पाणी रेडिएटरकडं जातच नाही, इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. व्हॉल्व्ह नसला की पहिल्या मिनिटापासून रेडिएटर उष्णता बाहेर फेकतो. तुमच्या आठ किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापायच्या आत घर येतं. दिवसाला चार वेळा गाडी थंडच चालवताय तुम्ही, तीही सोलापुरात.

स्टुटगार्टकर | ४ मार्च

काकांनी बरोबर नस पकडली. मी मूळचा होटगी रोडचा, आता जर्मनीत. माझ्याकडं याच गाडीची थोरली बहीण आहे, २००३ ची आरएस कॉम्बी, म्हणजे स्टेशन वॅगन, १८० पीएसवाली. त्यामुळं हा धागा अगदी घरचा वाटतोय.

थंड इंजिनात पेट्रोल का जातं ते सांगतो. पाणी पुरेसं तापलेलं नाही असं सेन्सरनं कळवलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मिश्रणात जादा पेट्रोल सोडतो, जुन्या चोकसारखंच. कारण थंड भिंतींवर पेट्रोल नीट वाफ होत नाही, काही भाग न जळता जातो. शिवाय ऑइल घट्ट असतं, ते ढकलण्यात ताकद जाते. सिलिंडरच्या भिंती थंड म्हणून जळणाची उष्णताही जास्त पाण्यात जाते. तिन्ही तोटे एकदम होतात.

दुसरी गोष्ट. या गाड्यांचा डॅशवरचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात ९० वरच थांबवून ठेवलेला असतो, लोकांनी घाबरू नये म्हणून. म्हणजे तो ९० सोडून खाली आला तर पाणी खरंच थंड आहे. आणि उलटंही होतं: काटा ९० वर, पण ईसीयूला वेगळंच दिसतंय. कारण एकाच सेन्सरच्या डबीत दोन सेन्सर आहेत, एक काट्याचा, एक ईसीयूचा. ईसीयूचा बिघडला तर काट्यावर काही कळत नाही. व्हॉल्व्ह बसवल्यावर व्हीसीडीएस (ईसीयूतले आकडे वाचायचं सॉफ्टवेअर) लावून ईसीयूला दिसणारं तापमान वाचायला विसरू नका.

टेरीटॉवेल_१३ | ८ मार्च

काका, पैज जिंकलात. आज रविवार म्हणून शेजारच्या गॅरेजवाल्याला घेऊन हाउसिंग उघडलं. आत नुसतं रबरी रिंग, व्हॉल्व्हचा पत्ताच नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी गर्दीत गाडी गरम झाली होती, तेव्हा दुसऱ्या एका मिस्त्रीनं "काम केलंय" एवढंच सांगितलं होतं. वडिलांची डायरी काढून बघितली. ॲव्हरेज तिथूनच पडलंय, पानावर सरळ दिसतं.

पण मग मूळ गाडी गरम का होत होती?

भीमाकाठ | ८ मार्च

तोच प्रश्न विचारायला हवा होता त्या मिस्त्रीनं. पंखा बघा. या गाडीच्या पंख्याला दोन वेग असतात. पहिल्या वेगाचा रेझिस्टर जळाला की पंखा हळू फिरणं बंद होतं आणि फार गरम झाल्यावर एकदम जोरात सुरू होतो. इंजिन चालू ठेवून उभे राहा आणि ऐका. नवीन व्हॉल्व्ह टाकायच्या आधी हे करा, नाहीतर एप्रिलमध्ये आसरा चौकात पुन्हा गरम होईल आणि व्हॉल्व्हला दोष लागेल. रेडिएटरच्या जाळीत कचरा असेल तर आतून बाहेर पाणी मारा, हळू प्रेशरनं, पत्रे वाकता कामा नयेत.

टेरीटॉवेल_१३ | १५ मार्च

पंख्याचा पहिला वेग खरोखरच बंद होता. दुरुस्त केला. व्हॉल्व्ह नवा, कूलंट नवं, सेन्सरही बदलला कारण त्याच्या पिनांवर हिरवट गंज होता. आता घरातून निघून मध्येच कुठंतरी काटा ९० वर येतो आणि तिथून हलत नाही. टाकी: ३९१ किलोमीटर, ४५.२ लिटर, म्हणजे ८.६५. फक्त एवढ्यानं एक किलोमीटर परत आला.

शंकरपाळी_ताई | १५ मार्च

अभिनंदन! माझ्याकडं एक लिटर टर्बोची छोटी गाडी आहे, पण एक अनुभव तुमच्या कामाचा वाटतो. मी भाजी, मुलाचा क्लास, बँक ही कामं वेगवेगळ्या वेळी करायचे. आता एकाच फेरीत लागोपाठ करते, सर्वांत लांबचं काम आधी. इंजिन एकदा तापलं की पुढचे थांबे गरम इंजिनावर होतात. टाकीमागं पंचवीस-तीस किलोमीटरचा फरक पडला. तुम्ही जेवायला घरी येण्याऐवजी डबा नेलात तर दोन थंड फेऱ्या वाचतील.

टेरीटॉवेल_१३ | १५ मार्च

ताई, हे आजपासूनच. आईला सांगितलं, तिलाही पटलं.

स्टुटगार्टकर | १६ मार्च

आता टर्बोकडं वळू. व्हीसीडीएसमध्ये ब्लॉक ०३२ उघडा. दोन आकडे दिसतील: पहिला आयडलचा, दुसरा चालत्या गाडीचा. ईसीयूला ठरल्यापेक्षा किती पेट्रोल वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, ते त्यात कळतं. दोन्ही शून्याच्या आसपास हवेत.

टेरीटॉवेल_१३ | १८ मार्च

पहिला सहाच्या वर, दुसरा दीड. आणि एक गोष्ट सांगायची राहिली: तुळजापूर घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागं काळपट धूर दिसतो, मागून येणाऱ्या मित्रानं सांगितलं.

स्टुटगार्टकर | १८ मार्च

या दोन गोष्टी मिळून निदान होतं. कुठंतरी हवेचा पाइप फाटलाय, बहुधा टर्बो आणि थ्रॉटलच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेच्या) मधला.

हवा आत येते तेव्हा एअर फिल्टरनंतर लगेच एमएएफ सेन्सर तिचं वजन मोजतो. ईसीयू त्या वजनाच्या हिशेबानं पेट्रोल देतो. पुढं टर्बो ती हवा दाबतो. पाइपला चीर असेल तर दाब चढल्यावर मोजलेली हवा बाहेर पळते, पण तिच्या वाटणीचं पेट्रोल सिलिंडरमध्ये गेलेलंच असतं. तोच काळा धूर. आयडलला उलटं होतं: त्याच चिरेतून न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो, म्हणून पहिला आकडा सहा. हवेचे पाइप, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, क्रँककेसच्या श्वासाच्या नळ्या, सगळं एकेक करून हातानं दाबून बघा. वीस वर्षांत रबर बिस्किटासारखं होतं.

टेरीटॉवेल_१३ | २२ मार्च

सापडली. सविस्तर लिहितो, कारण डोळ्यांना ती दिसत नव्हती.

टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणाऱ्या खालच्या रबरी पाइपवर एका जागी तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटून काळी पपडी झाली होती. बाकी पाइप कोरडा. कपड्यानं पुसला तर चांगला दिसला. मग दोन्ही हातांनी पिळला, तेव्हा क्लिपच्या अगदी कडेला ओठ उघडावे तशी बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. हात सोडला की पुन्हा मिटली. गाडी उभी असताना कुणालाच कधी दिसली नसती. टर्बोच्या हवेत थोडी तेलाची वाफ असतेच, तीच तिथून गळून धुळीला धरत होती.

पाइप पुण्याहून मागवून बसवला, क्लिपाही नवीन. बंपरच्या आतला इंटरकूलर बाहेर काढला तर अर्ध्या जाळीवर चिखल आणि उसाचं पाचट. ट्रॉल्यांमागून गाडी चालवल्याची ती पावती. धुऊन वाळवून बसवला. ब्लॉक ०३२ आता: पहिला एकच्या आत, दुसरा दीड. धूर गेला.

टाकी: ४०२ किलोमीटर, ४३.१ लिटर. ९.३३.

कडकभाकरी | २२ मार्च

मानलं मालक. आता माझी एक युक्ती घ्या. तुळजापूरहून परत येताना घाट सुरू झाला की न्यूट्रल करून सोडायची. खालपर्यंत पेट्रोल लागतच नाही.

भीमाकाठ | २२ मार्च

असं करू नका, आणि तरुण पोरांना तर मुळीच शिकवू नका. एसटीत आम्ही यावर लोकांना घरी बसवलंय. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा ब्रेक राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पाय खाली जातो.

शिवाय हिशेबही चुकीचा आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की इंजेक्टर बंद होतात. चाकं इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. आरपीएम आयडलजवळ आले की मगच ते पुन्हा उघडतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडल चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे तुमच्या युक्तीत धोकाही जास्त आणि पेट्रोलही जास्त.

कडकभाकरी | २२ मार्च

काका, हे खरंच माहीत नव्हतं. वडिलांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीवर शिकलो होतो. बंद केलं.

भीमाकाठ | २३ मार्च

टेरीटॉवेल, आता चाकं. मोहोळपर्यंत जाऊन या, शेवटचा एक किलोमीटर ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या. उतरून चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तो ब्रेक धरतोय. मागं डिस्क असलेल्या जुन्या गाडीत हँडब्रेकची कळ कॅलिपरवर गंजते आणि पूर्ण परतत नाही. ऑइल कोणतं टाकलंय तेही सांगा.

टेरीटॉवेल_१३ | २९ मार्च

मागचं डावं चाक. हात जवळ नेता येईना इतकं गरम. कॅलिपर उघडून साफ केला, कळ मोकळी केली, केबल ढिली करून पुन्हा बसवली. आता गाडी जॅकवर घेऊन चाक फिरवलं की दोन-अडीच फेरे मारतं, आधी अर्ध्यात थांबत होतं.

ऑइलचा डबा बघितला तर २०डब्ल्यू-५०. सोलापूरच्या उन्हाला जाडच हवं असं सांगितलं गेलं होतं. आता ५डब्ल्यू-४० घेतलं, व्हीडब्ल्यू ५०२ ०० हा आकडा डब्यावर बघून. टायरमध्ये हवा २६ होती. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या तक्त्याप्रमाणं सकाळी थंड टायरवर भरली. कॅरिअरही काढला.

मळीचा_माणूस | ३० मार्च

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो, म्हणून एक मुद्दा. वडिलांच्या डायरीशी तुलना करताना पेट्रोल बदललंय हे धरा. २०२५ पासून पंपांवर सर्रास ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलच्या लिटरमध्ये साधारण २१. मिश्रणाचा हिशेब केला तर लिटरमागं सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. वडिलांचे साडेदहा असतील तर आज त्याच गाडीचे पावणेदहा हे बरोबरीचं ॲव्हरेज झालं.

आपल्या जिल्ह्याच्या उसाला त्यातून भाव मिळतो, त्याचं मला समाधान आहे. पण २००५ च्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. त्या वास घेऊन, हात फिरवून तपासा, फुगल्या किंवा चिकट झाल्या असतील तर बदला.

शंकरपाळी_ताई | ३० मार्च

मग महागडं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर?

मळीचा_माणूस | ३० मार्च

ताई, इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच जास्त. ई२० ची मानकाप्रमाणं किमान ऑक्टेनच ९५ आहे. ज्या गाडीच्या झाकणावर ९५ लिहिलंय तिला साधं ई२० पुरतं. जादा पैशांत ॲव्हरेज मिळत नाही.

स्टुटगार्टकर | ३१ मार्च

आता पाय. टर्बो गाडीत दोन राज्यं असतात. हलक्या पायावर मिश्रण अगदी नेमकं असतं, हवेला लागेल तेवढंच पेट्रोल. पाय तळापर्यंत गेला की ईसीयू टर्बो आणि पिस्टन थंड ठेवायला मुद्दाम जादा पेट्रोल ओततो. ते पेट्रोल ताकदीसाठी नसतं, गारव्यासाठी असतं. म्हणून ओव्हरटेकला लागेल तेवढा पाय जरूर द्या, पण वेग धरताना अर्ध्याच्या वर जाऊ नका.

या इंजिनाचा २१० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० आरपीएमपासून मिळतो. दोन हजार-बावीसशेला गिअर टाका, साठला पाचवा चालतो. फक्त पाचव्यात चढावर कण्हायला लागलं तर एक गिअर खाली घ्या. दाबून रेटलं तर नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून होणारी खटखट) होतं, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागं घेतो आणि कमावलेलं परत जातं.

हायवेला वेग: हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० ऐवजी १०० ला तो दीडपटीहून जास्त. माझ्या कॉम्बीवर टपावरचा डबा असताना आणि नसताना लांबच्या प्रवासात शंभर किलोमीटरला लिटरभराचा फरक पडतो, तुमचा रिकामा कॅरिअरही थोडं खातच होता.

रिमॅपबद्दल, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल, मेसेजमध्ये विचारलंत, इथंच उत्तर देतो. हलक्या पायावरचं मिश्रण आधीच नेमकं आहे, त्यात वाचवायला फारसं नाही. ताकद हवी असेल तर करा, ॲव्हरेजसाठी करू नका.

कडकभाकरी | १ एप्रिल

आणि एसी? आता चाळिशी पार होणार.

भीमाकाठ | १ एप्रिल

एसी लावा. घामाघूम होऊन गाडी चालवणं सुरक्षित नाही. सावलीत लावा, निघताना आधी दोन मिनिटं काचा उघडून आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग एसी. आणि लांबून आल्यावर टर्बो थंड करायला दारात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहायची गरज नाही. घराजवळचा शेवटचा किलोमीटर सावकाश या, तेवढ्यात तो निवतो.

टेरीटॉवेल_१३ | १३ एप्रिल

गावातली टाकी: ४४१ किलोमीटर, ४२.१ लिटर. १०.४७. एसी लावून, दुपारची जेवणाची फेरी बंद करून.

काल पुण्याला जाऊन आज परत आलो. जाताना मागं चार गठ्ठे, येताना रिकामी. वेग ८५ च्या आसपास, इंदापूरला चहा. त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या कटऑफला टाकी भरली: ५१२ किलोमीटरला ३९.४ लिटर. १२.९९. वडिलांच्या डायरीत पुण्याच्या फेरीचा सर्वांत चांगला आकडा १३.२ आहे, तो जुन्या पेट्रोलवरचा.

डायरीत त्यांच्या ओळीखाली आजची ओळ लिहिली. सावळेश्वर टोलला बाहेर ४१ अंश होते, काटा ९० वर होता.

भीमाकाठ | १३ एप्रिल

पुढच्या वेळी पंढरपूरला उतरा. पंखा मला स्वतः ऐकायचाय.